किल्टच्या आतलं कापड

पोरगा दूध आणायला किल्ट घालून निघाला आणि माझं डोकं फिरलं.

मंगळवारची सकाळ होती. ना कुणाचं लग्न, ना मयत, ना गावच्या खेळांचा दिवस. वर रंग उडालेला टी-शर्ट, पायांत डांबर लागलेले कामाचे बूट, मोजे घसरून घोट्यांवर गोळा झालेले, आणि या सगळ्या अवताराच्या मधोमध कमरेला आमच्या घराण्याच्या लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, आमचं टार्टन.

"असा जाणार तू दुकानात?"

"नाही हो बाबा. आधी दोन बॅगपाइपवाले बोलावतो, घोडा सजवतो, मग जातो. दूधच आणायचंय ना?"

"किल्ट म्हणजे काय आंघोळीचा टॉवेल आहे, कमरेला गुंडाळला आणि निघाला?"

"टॉवेलपेक्षा बरा. सुटून पडत नाही."

स्ट्रुअनचं हे असं आहे. सत्तावीस वर्षांचा झाला, घरांच्या छपरांवर दगडी फरशा बसवतो, हवा बरी असली तर कामावरही किल्टच घालून जातो. शिडीखाली उभं राहणाऱ्यांची मला काळजी वाटते. त्याला म्हटलं, अरे, चारचौघांत वावरायची एक रीत असते. किल्टची कड गुडघ्याच्या मध्यावर हवी, मोजे गुडघ्याखाली तीन बोटं, पट्ट्याचं बक्कल चकचकीत. तर म्हणतो, "बाबा, कपडा आहे. घालण्यासाठी असतो. आजी म्हणते."

आजी म्हणते, म्हटल्यावर मी गप्प बसलो. माझी आई काही म्हणते असं कुणी सांगितलं की मी गप्पच बसतो. त्याला कारण आहे, आणि ते सांगायला मला सत्तावन्न वर्षं लागली.

माझं नाव आर्ची मिंगिस. चाळीस वर्षं या भागात टपाल वाटलं. गावच्या खेळांच्या समितीवर बावीस वर्षं आहे. ऑगस्टमध्ये मैदानावर नाचाच्या स्पर्धा होतात, तेव्हा मंचाशेजारच्या दोरीपाशी छातीवर लाल फीत लावून जो माणूस उभा असतो, पोरापोरींचे किल्ट, मोजे, बूट तपासून मगच वर सोडतो, तो मी. पोरं मला घाबरतात. एका पोरीला चुण्यांना नीट इस्त्री नाही म्हणून मी परत पाठवलं होतं, ती रडत गेली. नियम म्हणजे नियम, असं मी तिच्या आईला तोंडावर सांगितलं होतं. नियमांच्या मागे उभं राहिलं की आपल्याकडे कुणी बघत नाही, हे मी लहानपणीच शिकलो होतो.

स्ट्रुअनचं लग्न सप्टेंबरात ठरलं. मुलगी ऊना, जवळच्या पर्थची, गोड पोरगी आहे. लग्नासाठी त्याला नवा किल्ट शिवायचा होता. एप्रिलमधल्या एका शनिवारी तो मला म्हणाला, "गेडिसबाईंकडे जायचंय, टार्टन ठरवायला. तुम्हीही चला."

"ठरवायचं काय त्यात? आपलं मिंगिस आहे ना."

"चला तर खरं."

गेडिसबाईंचं दुकान आमच्या बाजारपेठेत त्यांच्या आईच्या काळापासून आहे. या पंचक्रोशीतल्या तीन पिढ्यांच्या कमरा त्यांनी मोजल्यात. कोण जाडा झाला, कोण वाळला, हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळतं. तोंडात कायम टाचण्या, आणि टाचण्या तोंडात ठेवूनच त्या जगभरच्या गप्पा मारतात.

"आलास का नवरदेवा? बैस. आर्ची, तुझं पोट वाढलंय, आधीच सांगते. तुझा किल्ट सैल करायचा तर आत्ताच आण, ऐन लग्नाच्या आठवड्यात नाचवू नकोस मला." मग त्यांनी नमुन्यांची जाड वही ओढली आणि आडनावांची यादी उघडली. "हं. बापाकडून मिंगिस. आईकडून, शीना रॉबर्टसनांची होती, तर तेही चालेल. लाल आवडतं की हिरवं?"

माझी शीना जाऊन सहा वर्षं झाली. तिचं नाव निघालं म्हणून मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगा आईचं टार्टन घेणार असेल, म्हणून एवढा गूढपणा.

"मला या दोन्हींतलं नको," स्ट्रुअन म्हणाला, आणि त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं.

कागद पिवळा पडला होता. तो उलगडायच्या आधीच मला कळलं.

लहान पोराचा किल्ट होता. लाल-पांढरा. आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या मापाचा.

गेडिसबाईंनी तो टेबलावर उपडा घातला आणि अंगठ्याने मागच्या चुण्या एकेक करून उघडायला लागल्या. किल्टचं असं असतं की मागे पाच-सहा हात कापड चुण्यांत दुमडलेलं असतं, आणि बाहेर दिसते ती प्रत्येक चुणीची बोटभर पट्टी. बाकी सगळं आत. या किल्टमध्ये बोटभर पट्टी लाल-पांढरी होती आणि आतलं कापड वेगळंच होतं. तपकिरी, त्यात गडद हिरव्या चौकड्या आणि एक बारीक पिवळी रेघ. प्रत्येक चुणीत दोन शिवणी, एक जाताना, एक येताना. लाल पट्टी संपली की तपकिरी, तपकिरी संपलं की पुन्हा लाल.

गेडिसबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. त्या मी कधी काढलेल्या पाहिल्या नव्हत्या.

"कोणी शिवलंय हे?"

त्यांनी किल्ट उचलून उजेडात धरला.

"बाईमाणसाचा हात आहे. एकवीस चुण्या, बेचाळीस शिवणी, सगळ्या हाताच्या. चौकडी कुठे म्हणून हललेली नाही. मला नाही जमणार हे. माझ्या आईने हे पाहिलं असतं ना, तर त्या बाईला दुकानातून हलू दिलं नसतं. आर्ची, कोणी शिवलं रे?"

मी खिडकीबाहेर बघितलं. समोर बस थांबली होती, तिच्यातून एक म्हातारा उतरत होता. तो पूर्ण उतरेपर्यंत मी बघत राहिलो.

"काय माहीत," मी म्हणालो. "जुनापाना होता. कुणाकडून तरी आणलेला असेल."

सहासष्ट वर्षांचा माणूस मी. नातवंडांचा आजोबा व्हायच्या वयाचा. आणि हे वाक्य माझ्या तोंडातून इतकं सहज निघालं, की जणू ते तिथेच ठेवलेलं होतं.

स्ट्रुअनने माझ्याकडे पाहिलं. "आजीने दिलाय हा, बाबा. तिनेच शिवलाय. तुमच्यासाठी."

गेडिसबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग टाचण्या पुन्हा तोंडात घालून त्या मुकाट्याने टेप शोधायला लागल्या. त्यांच्यासारख्या बाईने काही विचारलं नाही, यातच सगळं आलं.

गाडीत बसून स्ट्रुअनने चावी फिरवली. मग म्हणाला, "आतलं कापड तिच्या वडिलांच्या शालीचं आहे, तसंच विणून घेऊन माझा किल्ट शिवायचाय. एवढंच सांगितलं तिने. बाकी तुझ्या बापाला विचार म्हणाली. मग विचारतो. काय झालं होतं?"

"काही नाही झालं," मी म्हणालो. "पुढे बघून चालव."

झालं होतं ते आता सांगतो.

आईचं माहेर दर जुलैला तंबू घेऊन आमच्या गावाबाहेर यायचं. किटल्या-पातेल्यांना डाग देणारी, घोड्यांचा सौदा करणारी, वर्षभर फिरणारी माणसं. आमच्याकडे रासबेरीची शेतं आहेत. तोडणीला माणसं लागायची, ती हीच. तोडणी संपली की कुरणावर राखेचे गोल उरायचे आणि माहेर निघून जायचं. गाव त्यांना तंबूवाले म्हणायचं आणि म्हणताना नाक मुरडायचं. त्यांच्याशिवाय रासबेरी झुडपांवरच सडली असती, ही गोष्ट वेगळी. आई, जेसी टाउन्सली, त्या तंबूत जन्मली होती. माझ्या बापाशी लग्न करून ती भिंतींच्या घरात आली. बाप रस्त्याच्या खात्यात खड्डे बुजवायचा, अबोल आणि सज्जन माणूस. शाळेत मी मिंगिस होतो. आईचं आडनाव कुणी विचारलं तर मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

नऊ वर्षांचा असताना नाचाच्या बाईंनी मला खेळांसाठी निवडलं. पण किल्ट हवा. बापाच्या काकाचा एक पेटीत पडून होता, तो काढला तर कसरीने अर्धा खाल्लेला. पुढचा सपाट भाग धड निघाला आणि बाकी नुसत्या पट्ट्या. आई म्हणाली, बघते. दिवसभर रासबेरी तोडून ती घरी यायची आणि पायरीवर बसून ऊन असेपर्यंत शिवायची. तीन आठवडे. तिच्या बोटांना रासबेरीचे डाग असायचे, म्हणून ती आधी हात व्हिनेगरने धुवायची, कापडाला लागू नये म्हणून.

मी आतलं तपकिरी कापड पाहिलं आणि म्हणालो, "आई, उडी मारली की हे दिसेल गं."

"दिसलं तर दिसलं, राजा. चांगलं कापड आहे ते."

खेळांच्या दिवशी मी मंचावर चढलो. बॅगपाइप सुरू झाला. पहिली फेरी छान गेली. दुसऱ्या फेरीत मी उंच उडी घेऊन गिरकी घेतली, चुण्या फाकल्या, आणि खालून एक पोरगा ओरडला, "अरे बघा बघा, ह्याच्या आत तंबू आहे!" हशा पिकला. पोरंच नव्हे, बाप्येही हसले. मी नाचत राहिलो, पण उड्या लहान लहान घ्यायला लागलो. चौथा आलो.

मंचाच्या मागे दोरी होती. दोरीच्या आत फक्त नाचणारी पोरं आणि त्यांच्या घरची माणसं. तिथे डॅलगेटी नावाचे समितीचे साहेब छातीवर लाल फीत लावून उभे असायचे. आई दोरीखालून वाकून आत आली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेला ब्रेड आणि जॅम होता.

"काय नाचलास रे बाळा!"

"ओ बाई," डॅलगेटी म्हणाले, "आत फक्त घरची माणसं. तुम्ही कुणाच्या?" आणि मला विचारलं, "तुझ्याबरोबर आहे का रे ही?"

तो ओरडणारा पोरगा आणि त्याचे दोघे दोस्त तिथेच उभे होते. कान टवकारून.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "मी नाही ओळखत. रासबेरी तोडायला आलेली कुणी बाई असेल."

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी आज सुखाने झोपलो असतो. मग ती डॅलगेटींना म्हणाली, "चुकलंच, साहेब. गर्दीत वाट चुकले." ब्रेडचा पुडा तिने बाकावर ठेवला, घागरा सावरला, वाकली, आणि दोरीखालून बाहेर गेली. तो ब्रेड मी खाल्ला नाही. कुणाच्या तरी कुत्र्याने खाल्ला.

संध्याकाळी घरी आलो तर तिने बटाट्याचं सूप वाढलं आणि विचारलं, "कितवा आलास?" जणू तिने काही पाहिलंच नव्हतं. "चौथा," मी म्हणालो. "चौथा म्हणजे छानच की," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी खुंटीवर किल्ट नव्हता. मला वाटलं तिने जाळला. बरं झालं, असंही वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं होतं.

या गोष्टीबद्दल आम्ही दोघं पुन्हा एक शब्द बोललो नाही. मी तिला सांभाळलं नाही असं नाही. छप्पर दुरुस्त केलं, कोळसा भरला, दर नाताळला पायमोजे दिले. पण माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असं करत ती नव्वदीला आली आणि गावातल्या वृद्धाश्रमात गेली. तिथली नर्स मला स्पष्ट म्हणाली, "सकाळी त्या बऱ्या असतात, सगळ्यांना ओळखतात. दुपारी जेवणानंतर गाडी घसरते. काही बोलायचं असेल तर सकाळी या. आणि फार लांबवू नका."

मी दर रविवारी दुपारी जायचो.

हे मी जाणूनबुजून करत होतो. सकाळी चर्च असतं, असं मी सगळ्यांना सांगायचो. दुपारी ती मला कधी टपालवाला समजायची, कधी तिचा भाऊ समजायची. मी तिच्या हातात चहाचा कप द्यायचो, ती आभार मानायची, आणि मी सुटायचो.

गेडिसबाईंच्या दुकानातल्या त्या खोट्यानंतर मात्र मला घरात चैन पडेना. स्ट्रुअन माझ्याशी बोलत होता, पण पाहुण्याशी बोलावं तसं. थट्टा नाही, उलट उत्तर नाही. "हो बाबा. नाही बाबा." त्याने टोमणा मारावा म्हणून मी त्याच्या बुटांना नावं ठेवून पाहिलं, तर त्याने गुमान बूट बदलले. ते फार लागलं मला.

मे महिन्यात गेडिसबाईंचा फोन आला. "आर्ची, तुझा पोरगा छपरावर आहे, फोन उचलत नाही. विणकराने आतल्या कापडाचे धागे मोजलेत, तसंच मागावर विणायला घेतोय तो. पण त्याला कापडाचं नाव हवंय पावतीवर. काय लिहू?"

नुसतं "तपकिरी" म्हणता आलं असतं. "घरगुती" म्हणता आलं असतं. दोन्ही शब्द जिभेवर आले होते.

"टाउन्सली," मी म्हणालो.

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "यादीत नाहीये हे नाव."

"नाहीच आहे. माझ्या आईचं आहे ते. तो किल्ट तिनेच शिवला. त्या दिवशी मी खोटं बोललो."

"ते कळलं मला तेव्हाच," गेडिसबाई म्हणाल्या. "खरंच माहीत नसलेला माणूस खिडकीबाहेरच्या बसकडे एवढा टक लावून बघत नाही. लिहिते मी. टाउन्सली."

मी फोन ठेवला. थोडं हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच आठवड्यात मी सगळं स्ट्रुअनला सांगितलं, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. ब्रेड, कुत्रा, काही गाळलं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नऊ वर्षांचे होतात तुम्ही."

"दुकानात सहासष्टचा होतो."

"हो," तो म्हणाला. "ते खरंय." मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग, बाबा? तिला सांगा. सकाळी जा."

सकाळी गेलो. एकदा खरंच गेलो, जूनमधल्या एका बुधवारी. आई खिडकीत बसली होती, केस विंचरलेले, डोळे लख्ख. "आर्ची! आज सकाळीच? चर्चला आग लागली का रे?" ती हसली. तिला सगळं आठवत होतं. शीनाचं आजारपण, स्ट्रुअनचं लग्न, माझी पाठदुखी. मी खुर्ची ओढून बसलो. शब्द तयार होते, रात्रभर घोकले होते. मी म्हणालो, "आई, यंदा रासबेरी लवकर आलीय म्हणतात."

"हो?" ती म्हणाली आणि थांबली. ती वाट बघत होती. आता मला अगदी खात्री आहे, की ती वाट बघत होती. मी पावसाबद्दल बोललो. मग रस्त्याच्या कामाबद्दल. मग साडेअकराला, बस चुकेल म्हणून उठलो. माझ्याकडे गाडी आहे, हे तिला माहीत होतं.

"ये हं राजा," ती म्हणाली.

जुलैत तिला ताप आला. ताप उतरला, पण सकाळी आणि दुपारी फरक राहिला नाही. मी रोज सकाळी जायला लागलो. आठ वाजता, नऊ वाजता. ती माझ्याकडे अदबीने बघायची आणि विचारायची, "आपण कोण?"

खेळांचा दिवस आला. ऊन चांगलं होतं, गर्दी बरीच. मी दोरीपाशी उभा होतो, छातीवर लाल फीत. एका पोरीचे मोजे वरखाली होते, तिला मी काही बोललो नाही. "जा, नाच," म्हटलं. तिला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं.

तेवढ्यात गर्दीतून स्ट्रुअन येताना दिसला. चाकांची खुर्ची ढकलत. अंगात तोच रंग उडालेला टी-शर्ट, पायांत तेच डांबराचे बूट, मोजे घोट्यांवर, आणि कमरेला नवा किल्ट. तपकिरी, हिरव्या चौकड्या, बारीक पिवळी रेघ. जे कापड चुण्यांच्या आत होतं ते सगळं बाहेर. लग्नाच्या आधी घालू नये, असं मी त्याला एरवी सुनावलं असतं. खुर्चीत आई होती. तिने खुर्चीच्या बाजूने हात मागे नेऊन त्याच्या किल्टची कड धरली होती आणि बोटांनी ती कड चाचपत होती.

"काय म्हणतेय माहितेय?" स्ट्रुअन म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. "म्हणतेय, बाची शाल सापडली का रे? कुठे सापडली?"

कापड ओळखलं होतं तिने. मला ओळखलं नव्हतं.

मी ठरवलं. कळो न कळो, आज आणि इथेच. मी दोरी वर उचलली. आत समितीच्या खुर्च्या होत्या, अध्यक्षबाई होत्या, नाचणाऱ्या पोरांचे आईबाप होते, बरेचसे माझ्या टपालाच्या वाटेवरचे. "आण तिला आत," मी स्ट्रुअनला म्हणालो. "पुढे, अगदी मंचासमोर."

खुर्ची दोरीपाशी आली आणि आईने दोन्ही हातांनी चाकं धरली. एवढा जोर तिच्यात असेल असं वाटलं नव्हतं. ती माझ्या छातीवरच्या फितीकडे बघत होती.

"नको, साहेब," ती म्हणाली. "आत फक्त घरची माणसं. माहितेय मला."

"आई, मी आर्ची. तुझा आर्ची."

"चुकलंच माझं. गर्दीत वाट चुकले. मी आपली रासबेरी तोडायला आलेली बाई."

मी गुडघ्यावर बसलो. गवत ओलं होतं, माझ्या चांगल्या किल्टला डाग पडला असणार. तिचे हात हातात घेतले. बॅगपाइप मध्येच थांबला होता, त्यामुळे माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, आणि तो जावाच म्हणून मी मोठ्याने बोललो.

"ही माझी आई आहे. जेसी टाउन्सली. हे सगळ्यांनी ऐका. ही माझी आई आहे."

लोक वळून बघायला लागले. आई घाबरली. तिने माझ्या हातातून एक हात सोडवला आणि माझ्या तोंडावर ठेवला, हलकेच, लहान पोराला गप्प करतात तसा. मग इकडेतिकडे बघून, मंचावर चढणाऱ्या पोरांकडे बोट दाखवून, माझ्या कानाशी वाकली.

"हळू बोला ना, साहेब," ती म्हणाली. "माझा पोरगा तिथे नाचतोय. त्याला लाज वाटते."